शिखरावरचा गृहस्थ : सर एडमंड हिलरी
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



स्मरणाचे व्याख्यान म्हटले की त्यागी, दानी किंवा विद्वान पुरुषाचे चरित्र ऐकावयास मिळणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आजचा चरित्रनायक या तिन्ही रकान्यांत सरळ बसणारा नाही. तो संन्यासी नव्हता. जन्मतः श्रीमंत नव्हता. पंडित तर मुळीच नव्हता. विद्यापीठात दोन वर्षे गणित आणि विज्ञान शिकूनही त्यास परीक्षा साधल्या नाहीत. खळखळून हसणारा, सोबत्यांची थट्टा करणारा आणि स्वतःची त्याहून अधिक करणारा, बायकामुलांत रमणारा आणि घराच्या भिंतींपेक्षा उघड्या आकाशाखाली अधिक सुखी असणारा असा हा उंच माणूस होता. सर एडमंड हिलरी हे त्याचे नाव. ११ जानेवारी २००८ रोजी न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले.

२९ मे १९५३ हा दिनांक शाळेच्या पुस्तकांतून सर्वांच्या परिचयाचा आहे. त्या दिवशी सकाळी साडेअकराच्या सुमारास हिलरी आणि तेनसिंग नोर्गे यांनी एव्हरेस्टच्या माथ्यावर पाऊल ठेवले. नेपाळ आणि चीन यांनी २०२० साली संयुक्तपणे जाहीर केल्याप्रमाणे त्या शिखराची उंची ८,८४८.८६ मीटर आहे. परंतु ते दोघे तेथे थांबले केवळ पंधरा मिनिटे. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या हिशेबात पंधरा मिनिटे म्हणजे किती? उरलेल्या आयुष्याची खातेवही उघडून पाहणे, हा आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

हिलरींचा जन्म २० जुलै १९१९ चा. बालपण ऑकलंडच्या दक्षिणेस असलेल्या टुआकाऊ या लहान गावात गेले. वडील पर्सी हे पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला लढून आलेले, स्वभावाने कडक आणि व्यवसायाने प्रथम पत्रकार व पुढे मधमाश्या पाळणारे. आई शिक्षिका. शाळा ऑकलंड शहरात असल्यामुळे मुलाचा रोजचा बराच वेळ आगगाडीत जाई आणि त्या प्रवासात तो साहसाच्या गोष्टी वाचीत बसे. शाळेतील व्यायामशिक्षकाने त्याच्या किडकिडीत बांध्याची सर्वांदेखत हेटाळणी केली. हा अपमान त्यास म्हातारपणीही आठवत असे. सोळाव्या वर्षी शाळेच्या सहलीबरोबर तो रुआपेहू पर्वतावर गेला आणि तेथे त्याने जन्मात प्रथम बर्फ पाहिला. त्या बर्फाने त्यास जे वेड लावले, ते अखेरपर्यंत उतरले नाही.

पुढे वडील आणि धाकटा भाऊ रेक्स यांच्यासमवेत तो मधमाशीपालनाच्या धंद्यात पडला. येथे बसलेल्या बहुतेकांच्या घरी मध वर्ज्य आहे, तेव्हा त्या मालाची वाखाणणी करण्याचे प्रयोजन नाही. कष्ट मात्र ध्यानात घ्यावेत. दीड हजाराच्या आसपास पेट्या, प्रत्येक भरलेल्या पेटीचे जबर ओझे आणि रोजचे डंख. पहाडावर उपयोगी पडलेली पाठ आणि छाती त्या पेट्या वाहून तयार झाली. दुसऱ्या महायुद्धात हिलरी हवाई दलात दिशादर्शक होते. तेथे सॉलोमन बेटांजवळ बोटीला आग लागून ते गंभीर भाजले; तरी बरे होऊन पुन्हा डोंगर चढू लागले.

एव्हरेस्टच्या मोहिमेची कथा सर्वज्ञात असल्याने तिचा विस्तार करण्याची आवश्यकता नाही. तिच्यातील दोन-तीन बारीक गोष्टी मात्र माणूस ओळखण्यास उपयोगी पडतात. शिखराच्या आदल्या रात्री हिलरींनी बूट काढून बाजूला ठेवले. पहाटे पाहतात तो बूट लाकडासारखे गोठलेले! जगाच्या माथ्यावर जाण्याच्या दिवशी या गृहस्थाचे जवळजवळ दोन तास चुलीवर बूट शेकण्यात गेले. हा फजितीचा प्रसंग त्यांनी लपविला नाही, आवर्जून सांगितला. त्या मोहिमेचे तंबू आणि वाऱ्यापासून रक्षण करणारे कपडे सूत आणि नायलॉन यांच्या मिश्र विणीच्या कापडाचे होते, हेही येथे नमूद करावयास हवे, कारण पराक्रमाच्या वर्णनात कापडाची आठवण सहसा कोणी काढीत नाही.

शिखरावर हिलरींनी तेनसिंग यांचे छायाचित्र घेतले. स्वतःचे काढून घेतले नाही. म्हणून त्या पंधरा मिनिटांचे जे चित्र जगाने पाहिले, त्यात हिलरी नाहीत. प्रथम पाऊल कोणाचे, हा प्रश्न वर्तमानपत्रांनी पुढे वर्षानुवर्षे चघळला. हिलरी दीर्घकाळ एवढेच सांगत राहिले की, आम्ही दोघे एका दोरावर होतो आणि एकत्र पोहोचलो. पहिले पाऊल हिलरींचे होते, हे तेनसिंग यांनी आपल्या आत्मचरित्रात १९५५ सालीच मोकळेपणाने लिहून टाकले. हिलरींनी मात्र तेनसिंग यांच्या मृत्यूपर्यंत त्या बाबतीत तोंड उघडले नाही. त्याच मोहिमेत हिलरी एका हिमभेगेत कोसळत असता तेनसिंग यांनी बर्फात कुऱ्हाड रोवून दोर धरला आणि त्यांचे प्राण वाचविले होते. भागीदारीतील विश्वास कसा असावा, याचे हे उदाहरण व्यापारी मंडळींनी लक्षात ठेवावे.

परतीच्या वाटेवर ब्रिटिश सरकारने त्यांस ‘सर’ हा किताब दिल्याचे पत्र मिळाले. त्या वेळी हिलरींच्या मनात पहिला विचार कोणता आला असेल? आपण गावातल्या पेठेतून फाटक्या, विटलेल्या कामाच्या कपड्यांत बिनधास्त हिंडत असू, ते दिवस संपले. आता नवी जोडी विकत घ्यावी लागणार! ही हकिकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे.

आता घराकडे वळू. गिर्यारोहक मंडळाच्या अध्यक्षांची कन्या लुईज रोज ही हिलरींपेक्षा अकरा वर्षांनी लहान, संगीताची विद्यार्थिनी, व्हायोला वाजविणारी आणि स्वतः डोंगर चढणारी. एव्हरेस्टवर न डगमगलेला हा पुरुष तिला मागणी घालण्यास मात्र धजेना. शेवटी तिच्या आईने त्याच्या वतीने मुलीला विचारले आणि होकार मिळाला. स्थळाची बोलणी वडीलधाऱ्यांनी करावयाची, ही आपली रीत न्यूझीलंडमध्येही अशा रीतीने एकदा उपयोगी पडली. ३ सप्टेंबर १९५३ रोजी, म्हणजे शिखरानंतर अवघ्या शंभर दिवसांच्या आत, विवाह झाला. १९५४ मध्ये पीटर, १९५६ मध्ये सारा आणि १९५९ मध्ये बेलिंडा अशी तीन अपत्ये झाली.

या संसारात नवऱ्याची गैरहजेरी पुष्कळ होती, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. १९५७ च्या प्रारंभी ते अंटार्क्टिकास गेले आणि शेतीच्या फर्ग्युसन ट्रॅक्टरांना पट्टे बसवून ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर जाऊन पोहोचले. खुष्कीच्या मार्गाने मोटारवाहनातून ध्रुव गाठणारे ते पहिलेच. मोहिमेच्या ब्रिटिश नेत्याच्या योजनेत हे बसत नव्हते. न्यूझीलंडच्या तुकडीचे काम मागे साठे उभारून देण्याचे होते. पण समोर ध्रुव दिसत असताना मागे फिरणे या स्वभावास जमणारे नव्हते. त्या सर्व काळात लुईजबाईंनी दोन लहान लेकरांसह एकटीने घर सांभाळले. वर्षभर पती घरी नाही, पत्रे येतील तेव्हा येतील, अशा संसाराचे पुण्य ज्याचे त्याच्या पदरात टाकावयाचे तर मोठा वाटा त्या माऊलीकडे जातो.

तथापि घरी असला की हा बाप पूर्ण घरी असे. ऑकलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर अनाव्हाटा येथे लुईजबाईंच्या माहेरची एक साधी झोपडीवजा वास्तू होती. खाली काळ्या वाळूचा किनारा, मागे रान आणि समोर खवळलेला समुद्र. तेथे कुटुंबाच्या सुट्ट्या जात. पुढे अमेरिकेतील सीअर्स या मोठ्या व्यापारी पेढीने हिलरींना तंबू आणि मुक्कामाच्या सामानाचे सल्लागार नेमले. मग काय! मालाची पारख सहकुटुंब होऊ लागली. पाऊस तंबूत गळतो की नाही, हे पत्नी आणि तीन मुले आत झोपवून ठरविणारा परीक्षक व्यापाराच्या इतिहासात दुर्मिळच म्हणावा लागेल. लुईजबाईंनी या भटकंतीवर विनोदी पुस्तके लिहिली. त्यांतील पहिले १९६४ साली निघाले. त्याच्या इंग्रजी शीर्षकाचा आशय ‘जमले तर डोके शांत ठेवा’ असा आहे. एवढ्यावरून त्या घराची कल्पना यावी.

थट्टेची आणखी एक कथा. १९६० साली हिलरी नेपाळात मोठी मोहीम घेऊन गेले. तिच्या कामांपैकी एक काम होते ‘यती’ या हिममानवाचा शोध. खुमजुंग गावच्या मठात यतीची म्हणून एक टोपीसारखी कवटीची कातडी जपलेली होती. ती तपासणीसाठी परदेशी न्यावयाची, तर गावकरी सोडीनात. अखेर सहा आठवड्यांत परत आणण्याच्या बोलीवर आणि गावचे एक वडीलधारे खुंजो चुंबी यांनी राखणदार म्हणून सोबत जावे या अटीवर परवानगी मिळाली. ही जोडी शिकागो, पॅरिस आणि लंडन येथे जाऊन आली. तज्ज्ञांनी निर्णय दिला की, ही कातडी सेरो या बकरीवर्गातील हिमालयीन प्राण्याची आहे. खुंजो चुंबी मात्र तिळमात्र खचले नाहीत. आमच्याकडे जिराफ नाही म्हणून आम्हांस जिराफाची माहिती नाही, तुमच्याकडे यती नाही म्हणून तुमचे अज्ञान आम्ही समजू शकतो, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिल्याचे सांगतात. हिलरींनी ठरलेल्या मुदतीत वस्तू परत पोहोचविली. उधारीचा माल वेळेवर परत करणाऱ्या माणसाची पत वाढते. खुमजुंगमध्ये हिलरींची वाढली.

आणि त्याच काळात तो प्रसंग घडला. बर्फाळ रात्री शेकोटीभोवती गप्पा चालल्या असता हिलरींनी एका शेर्पाला विचारले की, तुमच्यासाठी एखादी गोष्ट करावयाची झाल्यास कोणती करू? त्याने पैसा मागितला नाही, दवाखाना मागितला नाही. आमच्या मुलांसाठी शाळा काढा, असे तो म्हणाला. त्या मागणीतून १९६१ मध्ये खुमजुंगची शाळा उभी राहिली. एका खोलीची, अ‍ॅल्युमिनियमची, सुमारे ३,८०० मीटर उंचीवर. तेथून ‘हिमालयन ट्रस्ट’ या संस्थेचे कार्य वाढत गेले. पुढील काळात पंचवीसहून अधिक शाळा, दोन रुग्णालये, कित्येक दवाखाने, पूल आणि पिण्याच्या पाण्याच्या नळवाहिन्या झाल्या.

आज आपण एका ट्रस्टच्या वयाची पन्नास वर्षे साजरी करीत आहोत, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी आहे. या संस्थेचे बांधकाम पुष्कळ वेळा पाहुणे, नातलग आणि मित्र यांच्या हातांनी झाले. भाऊ रेक्स हातोडा घेऊन वर्षानुवर्षे येत राहिला. हिलरी स्वतः छपरावर बसून पत्रे ठोकीत. पैसे गोळा करण्यासाठी जन्मभर व्याख्याने देत फिरले. देणगीदार आणि कामगार एकच, असा हा ट्रस्ट होता.

१९६४ साली लुक्ला येथे धावपट्टी करावयाची होती. जमीन मऊ, रोलर आणावयाचा कोठून? हिलरींनी शेर्पांना खाऊपिऊ घालून त्यांच्या पारंपरिक नाचाची मैफल भरविली. गळ्यात गळा घालून रांगेने पाय आपटीत मंडळी नाचली आणि जमीन घट्ट बसली! आज एव्हरेस्टकडे जाणारे बहुसंख्य प्रवासी उतरतात ती हीच जागा. या सोयीमुळे पर्यटकांची झुंबड उडाली आणि सरपणासाठी जंगले तुटू लागली, याची खंत हिलरींनी नंतर उघडपणे बोलून दाखविली. झाडे पुन्हा लावण्याच्या कामातही त्यांनी हात घातला. १९७६ साली सगरमाथा राष्ट्रीय उद्यान झाले, त्यास न्यूझीलंडचे साह्य होते. आपण केलेल्या चांगल्या कामाची वाईट बाजू स्वतः सांगणारे संस्थाचालक विरळा.

कुंदे गावचे रुग्णालय १९६६ च्या अखेरीस उघडले, तेव्हा नाताळ साजरा करण्यासाठी सारे हिलरी कुटुंब तेथे पायी चालत गेले. पीटर बारा वर्षांचा, बेलिंडा सात. आहारात आयोडीन नसल्यामुळे गलगंडाची व्याधी त्या खोऱ्यात घरोघर होती. तिच्यावरील उपचार हे त्या रुग्णालयाच्या आरंभीच्या मोठ्या कामांपैकी एक होते. मुले शेर्पा मुलांबरोबर उंडारत होती, वडील बांधकामात मग्न होते, आई टिपणे करीत होती. त्या प्रवासावरील लुईजबाईंचे पुस्तक १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले. बहुतेक कर्ते पुरुष घर मागे ठेवून समाजकार्यास बाहेर पडतात. हिलरींनी घरच कामावर नेले. त्यांच्या सुखाचे रहस्य येथे होते, आणि दुर्दैवाने दुःखाचेही.

१९७५ च्या प्रारंभी वर्षभराच्या मुक्कामासाठी कुटुंब काठमांडूस आले. हिलरी फाफ्लू या गावी रुग्णालय बांधीत होते. ३१ मार्च रोजी लुईजबाई आणि सोळा वर्षांची बेलिंडा काठमांडूहून लहान विमानाने त्यांच्याकडे येण्यास निघाल्या. विमानाच्या पंखांच्या हलत्या पट्ट्यांना जमिनीवर असताना लावलेले अडसर काढलेच गेले नव्हते. उड्डाण होताच विमान कोसळले. फाफ्लूत हिलरी विमानाच्या आवाजाची वाट पाहात होते. विमान आले नाही; काही वेळाने हेलिकॉप्टर आले आणि त्यातून ही वार्ता आली.

बंधु-भगिनींनो, या प्रसंगावर भाष्य करणे कठीण आहे. ज्या रुग्णालयामुळे शेकडो अनोळखी जीव वाचावयाचे होते, त्याच्याकडे येतानाच घरची दोन माणसे गेली. आपल्याच बोलावण्यावरून त्या निघाल्या, हा सल हिलरींच्या मनात खोल रुतला. पीटर आणि सारा त्या वेळी दूर होते. पुढे तिघेही आपापल्या दुःखात एकाकी राहिले. घराला बांधून ठेवणारी गाठच सुटली होती. ज्याच्या हास्याने तंबू दणाणत, तो माणूस मद्य आणि झोपेच्या गोळ्या यांच्या आधाराने रात्री काढू लागला. हे त्याने स्वतः जगाला सांगितले. स्मरणाच्या भाषणात अशा गोष्टी गाळण्याची प्रथा आहे, परंतु त्या गाळल्या तर हिलरींनी पुढे जे केले त्याची किंमत कळणार नाही.

त्यांनी केले ते इतकेच की, ते फाफ्लूला परत गेले. अर्धवट भिंती उभ्या होत्या, दगड-लाकूड पडून होते. ते काम पुरे केले. रुग्णालय सुरू झाले. त्याने दुःख हलके झाले काय? तसे दिसत नाही. पुढची कित्येक वर्षे जड गेली, असेच ते सांगत. पण सकाळी उठून करावयास काहीतरी होते.

दोन वर्षांनी, ऑगस्ट १९७७ मध्ये, ते आपल्या भारतात आले. गंगासागरापासून गंगेच्या उगमाच्या दिशेने, प्रवाहाच्या विरुद्ध, पाण्याचा झोत मागे फेकीत धावणाऱ्या तीन नौकांतून प्रवास करण्याची ही मोहीम होती. नौकांची नावे ‘गंगा’, ‘किवी’ आणि ‘एअर इंडिया’. सोबत पुत्र पीटर होता. बापलेक पुष्कळ दिवसांनी असे एकत्र होते. परदेशी मंडळींना हे साहस वाटत होते, तीरावरील लोकांना ती यात्रा वाटली. घाटाघाटांवर हजारो माणसे जमत, हार घालीत, नमस्कार करीत. काशीस पूजा झाली. आपण काहीतरी पवित्र करीत आहोत, हे भान लोकांनीच आपल्याला दिले, असे हिलरींनी त्या प्रवासाबद्दल लिहिले आहे. नंदप्रयागजवळ एका धबधब्याने वाट अडविली. तेथून पुढे पायी बद्रीनाथच्या वर आकाश पर्बताकडे जात असता उंचीच्या विकाराने हिलरी बेशुद्धीच्या काठावर पोहोचले. सहकाऱ्यांनी त्यांस ओढत-उचलत खाली आणले आणि भारतीय हेलिकॉप्टरने वेळेवर हलविले. एव्हरेस्ट चढलेला माणूस त्याहून पुष्कळ खालच्या उंचीवर मरणाच्या दारातून परत आला. वय वर्षे अठ्ठावन्न.

भारताशी त्यांचा संबंध पुढे अधिकृत झाला. न्यूझीलंडने १९८२ साली बंद केलेले दिल्लीतील उच्चायुक्तालय १९८५ मध्ये पुन्हा उघडले आणि त्या पदावर हिलरींची नेमणूक केली. चार वर्षे ते दिल्लीत होते. त्यांच्या नावाचा रस्ता आजही चाणक्यपुरीत आहे. मे १९८६ मध्ये तेनसिंग निवर्तले, तेव्हा ते अंत्यदर्शनासाठी दार्जिलिंगला गेले. एका दोरावरचा सोबती गेला होता.

दिल्लीच्या वास्तव्यात जून मुलग्रू या त्यांच्या सोबत होत्या. त्यांचे पती पीटर मुलग्रू हे हिलरींचे जुने मित्र आणि मोहिमांतील सहकारी. नोव्हेंबर १९७९ मध्ये अंटार्क्टिकावरून फिरवून आणणाऱ्या विमानात प्रवाशांना माहिती सांगण्याचे काम हिलरींकडे यावयाचे होते. दुसऱ्या कामामुळे ते जाऊ शकले नाहीत आणि त्यांच्या जागी मुलग्रू गेले. ते विमान एरेबस पर्वतावर आदळले, २५७ जणांपैकी कोणीही वाचले नाही. विमानाने जोडीदार हिरावलेली ही दोन माणसे २१ डिसेंबर १९८९ रोजी विवाहबद्ध झाली. हिलरींच्या चेहऱ्यावर जुने हसू परत आले ते या काळात. १९८५ साली तर चंद्रावर पहिले पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग यांच्यासमवेत ते लहान विमानातून उत्तर ध्रुवावरही उतरून आले होते. पासष्टी उलटली तरी ‘येता का?’ असे कोणी विचारण्याचा अवकाश!

१० मे १९९० रोजी पीटर एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचला आणि तेथून त्याने वडिलांशी बोलणे केले. शिखर सर करण्याचा सल्ला वडिलांनी कधी दिला नव्हता. चिंता मात्र केली. जगभर कीर्ती पसरली तरी घरचा दूरध्वनी क्रमांक सार्वजनिक पुस्तिकेत छापलेला असे. शाळकरी मुले थेट फोन लावीत आणि पलीकडून स्वतः सर एडमंड उत्तर देत. १९९२ मध्ये त्यांच्या देशाने हयातीतच त्यांचे चित्र पाच डॉलरच्या नोटेवर छापले. २००३ मध्ये एव्हरेस्टच्या आरोहणास पन्नास वर्षे झाली, तो सोहळा त्यांनी काठमांडूत शेर्पांसमवेत घालविला आणि नेपाळने त्यांस मानद नागरिकत्व दिले. जानेवारी २००७ मध्ये अंटार्क्टिकावरील स्कॉट बेस या ठाण्याचा सुवर्णमहोत्सव होता. सत्त्याऐंशी वर्षांचे हिलरी तेथेही गेले! पन्नास वर्षांपूर्वी ज्याने तळ उभा केला, तोच पन्नासाव्या वर्षी हजर, असे भाग्य फार थोड्या संस्थांच्या वाट्यास येते.

२२ जानेवारी २००८ रोजी ऑकलंडमध्ये राजकीय इतमामाने अंत्यविधी झाला. शवपेटीवर त्यांची बर्फातली कुऱ्हाड ठेवली होती. पीटर आणि सारा यांनी वडिलांच्या आठवणी सांगितल्या. तेनसिंग यांचे पुत्र नोर्बू बोलले. खुमजुंगच्या त्या एका खोलीच्या शाळेचे आरंभीचे विद्यार्थी आणि पुढे हिमालयन ट्रस्टचे नेपाळमधील काम सांभाळणारे आंग रिता शेर्पा हेही बोलले. त्याच महिन्यात भारत सरकारने त्यांस मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर केले.

अस्थिविसर्जन २९ फेब्रुवारी २००८ रोजी ऑकलंडसमोरच्या हौराकी आखातात झाले. अस्थींचा थोडा भाग नेपाळसाठी राखून ठेवला होता. २०१० साली तो एव्हरेस्टच्या माथ्यावर नेण्याचा विचार निघाला. परंतु पवित्र पर्वतावर अस्थी ठेवणे शुभ नव्हे, असे तेथील लामांनी सांगितल्यावरून तो बेत सोडून दिला गेला. ज्या पर्वताने नाव दिले तेथे जागा मिळाली नाही, याचा हिलरींना विषाद वाटला असता असे वाटत नाही. त्यांनी त्या गोष्टीवर एखादा विनोद केला असता.

कुंदे गावाच्या वरच्या कड्यावर तीन स्तूप आहेत. एक लुईजबाईंचा, एक बेलिंडाचा आणि तिसरा एडमंड यांचा. खाली कुंदेचे रुग्णालय आहे आणि थोड्या अंतरावर खुमजुंगची शाळा.